कालिओपी : एका ग्रीक नांवाची कुळकथा

आमची नात अमेरिकेंत शिकते. दर रविवारीं ती दूरध्वनीवरून घरच्या सर्वांची विचारपूस करते आणि मागाहून आपल्या शाळेची हकीकत सांगते. मागें एका रविवारीं तिनें वर्गांत नव्यानें आलेल्या एका मुलीचें नांव सांगितलें. अमेरिकन धाटणीचा तो ‘कलायोपी’ असा उच्चार आम्हांला नीट लागेना. म्हणून आम्हीं अक्षरें लिहून घेतलीं आणि ग्रीक लोक म्हणतात तसें मोठ्यानें वाचून दाखविलें, ‘कालिओपी’. आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत, परंतु कान अजून तिखट. त्या म्हणाल्या, “काली, आणि वर ओप? म्हणजे कालीला झिलई दिलेली कीं काय?” घरांत हशा पिकला. नातीला मात्र हंसूं आलें नाहीं. त्या मुलीला तिच्या नांवावरून वर्गांत चिडवीत होते, आणि ‘ह्या नांवाचा अर्थ तरी काय?’ ह्या प्रश्नाला त्या बिचारीजवळ उत्तर नव्हतें. “पुढच्या रविवारपर्यंत शोधून ठेवा, आजोबा,” असा आम्हांला हुकूम सुटला. त्या हुकमाची तामिली करतां करतां जें हातीं आलें, तें एकट्या नातीपुरतें ठेवावें असें आम्हांस वाटेना. म्हणून हा लेख.

प्रथम अर्थ. ग्रीक भाषेंत ‘कालि’ हें सुंदरतेचें वाचक असून अनेक नांवांच्या आरंभीं येतें, आणि ‘ओप्स्’ म्हणजे आवाज, वाणी. तेव्हां कालिओपी म्हणजे सुंदर वाणीची, मंजुळ आवाजाची. येथवर कोणताही कोश सांगेल. परंतु संस्कृत जाणणाऱ्या वाचकांना ह्याच्या पुढची गोष्ट अधिक गोड वाटेल. ग्रीकांच्या ह्या ‘ओप्स्’ शब्दाच्या आरंभीं पूर्वीं ‘व’कार होता, तो पुढें त्यांच्या तोंडून गळाला. शिवाय संस्कृतांत जेथें ‘च’ येतो तेथें ग्रीक भाषेंत पुष्कळदां ‘प’ येतो. आपण ‘सचते’ म्हणतों तेथें ग्रीक ‘हेपेताइ’ म्हणतात. हे दोन फरक ध्यानांत घेतले म्हणजे ‘ओप्स्’ हा कोणी परका राहत नाहीं. तो आपल्या ‘वाच्’ शब्दाचा सख्खा भाऊ होय. ‘वचस्’ ह्याचें ग्रीक रूप ‘एपोस्’. त्याचा अर्थ प्रथम ‘शब्द’ आणि पुढें ‘महाकाव्य’ असा झाला. इंग्रज लोक महाकाव्याला ‘एपिक’ म्हणतात तें ह्यावरूनच. नांवाच्या पूर्वार्धाचा संबंधही कित्येक भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘कल्य’ आणि ‘कल्याण’ ह्या शब्दांशीं जोडतात. तसें धरलें तर ह्या नांवाचें संस्कृत भाषांतर करावयाला फार दूर जावें लागत नाहीं. ‘कल्याणवाणी’ असें म्हटलें कीं काम झालें. मातोश्रींच्या कालीचा आणि ओपाचा ह्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं, हें वेगळें सांगावयास नकोच!

आतां ह्या नांवाची पहिली धनीण कोण तें पाहूं. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास हेसिअड नांवाचा एक ग्रीक कवि होऊन गेला. तो हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशीं मेंढ्या राखीत असे. त्यानें देवांच्या उत्पत्तीवर एक काव्य रचलें असून, त्याच्या आरंभीं नऊ भगिनींना वंदन केलें आहे. देवांचा राजा झ्यूस हा त्यांचा पिता आणि स्मृति ही त्यांची माता. काव्य, संगीत, नृत्य आणि विद्या ह्यांच्या ह्या अधिष्ठात्री देवता. ग्रीक भाषेंत त्यांना ‘म्यूज’ म्हणतात, आणि ‘म्युझिक’ व ‘म्युझियम’ हे शब्द ह्या भगिनींवरूनच निघाले. आपण मेंढ्या चारीत असतांना ह्या देवतांनीं आपल्या अंगीं दिव्य वाणी फुंकली, असें हेसिअड सांगतो. मग तो नऊ जणींचीं नांवें घेतो. सर्वांत शेवटीं कालिओपीचें नांव येतें, आणि तीच सर्वांत श्रेष्ठ असा तो निर्वाळा देतो. ह्या श्रेष्ठत्वाचें त्यानें दिलेलें कारण विचार करण्याजोगें आहे. कालिओपी राजांची सोबत करते. ज्या राजावर ह्या देवतांची कृपा होते त्याच्या जिभेवर मधुर दंव पडतें, आणि तो मोठमोठे तंटे गोड शब्दांनीं मिटवितो. म्हणजे ‘सुंदर वाणी’ ह्या शब्दांनीं हेसिअडला केवळ गोड गळा अभिप्रेत नव्हता. ज्या वाणीनें न्याय होतो आणि भांडणारीं माणसें शांत होऊन घरीं जातात, ती वाणी सुंदर, असा त्याचा भाव दिसतो.

ह्याहून जुना नव्हे, परंतु डोळ्यांनीं पाहतां येईल असा पुरावा इटलींतील फ्लॉरेन्स शहराच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहे. इ. स. पूर्व ५७० च्या सुमारास अथेन्समध्यें घडविलेलें एक मोठें मातीचें पात्र १८४४ सालीं सांपडलें. त्यावर पेलेउस व थेटिस ह्यांच्या विवाहाची देवमिरवणूक रंगविलेली आहे. प्रत्येक आकृतीपाशीं बारीक अक्षरांत नांव घातलें आहे. मिरवणुकींतील झाडून सारीं मंडळी बहुधा एका बाजूस तोंड करून चाललेलीं. परंतु कालिओपी हातांत पांवा घेऊन पाहणाऱ्याकडे समोर तोंड करून उभी आहे. पंचवीसशें वर्षांवर लोटलीं तरी ती पाहणाऱ्याच्या नजरेला नजर देतेच आहे! पुढें रोमन काळांत नऊ भगिनींना निरनिराळीं खातीं वाटून देण्यांत आलीं, तेव्हां महाकाव्याचें खातें कालिओपीकडे आलें, आणि तिच्या हातीं मेणाची पाटी व लेखणी आली. रोमचा महाकवि व्हर्जिल आणि त्यानंतर तेराशें वर्षांनीं इटलीचा डान्टे ह्या दोघांनींही आपापल्या महाकाव्यांत तिला नांवानें हांक मारली आहे.

तिच्याविषयीं एक करुण कथाही आहे. अॅडोनिस नांवाच्या सुंदर कुमारावर प्रीतिदेवता अॅफ्रोडायटी आणि पाताळाची राणी पर्सेफोनी ह्या दोघींनींही हक्क सांगितला. तंटा देवराजाकडे गेला. त्यानें तो स्वतः न सोडवितां कालिओपीकडे सोंपविला. तिनें निवाडा दिला कीं, कुमारानें अर्धें वर्ष एकीजवळ आणि अर्धें वर्ष दुसरीजवळ राहावें. निवाडा न्यायाचा होता. परंतु अॅफ्रोडायटीला सबंध वर्ष हवें होतें. तिनें सूड घेतला तो न्याय देणारीच्या मुलावर. ज्याच्या गाण्यानें झाडें व पाषाणही हालत असत तो ऑर्फिअस हा कालिओपीचाच पुत्र. देवतेनें थ्रेस देशांतील स्त्रियांना त्याच्या प्रीतीनें वेड्या केलें, आणि त्या ओढाताणींत त्यांनीं त्याचे तुकडे केले. स्पष्ट बोलणाऱ्या बाईला कोठें ना कोठें किंमत मोजावी लागते, हें ग्रीक कथाकारांना पक्कें ठाऊक होतें असें दिसतें.

देवतेचें इतकें मोठेपण. मग त्या देशांतील हाडामांसाच्या बायकांच्या वाणीची काय अवस्था होती? येथें आमच्या नातीला सांगावयास जड जावें अशी हकीकत येते. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्याच्या अगदीं पहिल्या भागांत पेनेलपी राणी सभागृहांत येऊन भाटाला दुसरें गाणें म्हणण्यास सांगते, तेव्हां तिचा नुकता मिसरूड फुटलेला मुलगा तिला, ‘बोलणें हें पुरुषांचें काम, तूं आपल्या मागाकडे जा,’ अशा अर्थाचें सुनावतो, आणि ती निमूटपणें आंत जाते. इ. स. पूर्व ४३१ च्या युद्धांत पडलेल्या वीरांसाठीं अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस ह्यानें केलेलें भाषण थ्युसिडिडीस ह्या इतिहासकारानें नमूद केलें आहे. त्यांत विधवांना उपदेश आहे कीं, जिच्याविषयीं पुरुषांत बरें वा वाईट कांहींच बोललें जात नाहीं, तिची कीर्ति सर्वांत मोठी. ही केवळ अलंकारिक भाषा नव्हती. अथेन्सच्या न्यायसभांपुढें झालेलीं भाषणें आज उपलब्ध आहेत. त्यांत कुलीन आणि जिवंत स्त्रीचें नांव घेण्याचें वक्ते सहसा टाळीत. ‘अमक्याची कन्या’, ‘तमक्याची भार्या’ असाच तिचा उल्लेख होई.

आणि तरीसुद्धां नांव मात्र हौसेनें ठेवीत! मूल जन्मल्यावर पांचव्या किंवा सातव्या दिवशीं त्याला उचलून घरांतील अग्निकुंडाभोंवतीं फिरवीत, आणि दहाव्या दिवशीं मेजवानी करून नांव ठेवीत. आपल्या बाराव्या दिवसाच्या बारशाची कोणालाही आठवण व्हावी. एक भेद मात्र लक्षांत घेण्यासारखा आहे. आपण लक्ष्मी, सरस्वती, पार्वती हीं देवतांचीं नांवें जशींच्या तशीं मुलींना ठेवतों. जुन्या ग्रीकांना तें धाडसाचें वाटे. ते देवतेच्या नांवावरून साधलेलें नांव ठेवीत. आर्टेमिसची आर्टेमिसिया, डिमीटरची डिमेट्रिया. देवतेचेंच नांव माणसाला ठेवण्याचा प्रघात पुढें वाढला.

अशा ह्या नांवाचा आपल्या बाजूच्या प्रदेशांतील पुरावा पाहून आम्ही चकित झालों. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर बाल्हिक देशांत आणि पुढें काबूल नदीच्या खोऱ्यांत ग्रीक राजे राज्य करूं लागले. आपल्या ग्रंथांतले ‘यवन’ ते हे. त्यांतील शेवटच्या राजांपैकीं एक हर्मेयस. तो इ. स. पूर्व पहिल्या शतकांत काबूलच्या खोऱ्यांत राज्य करीत होता. त्याच्या कांहीं चांदीच्या नाण्यांवर दोन मुखवटे एकमेकांस खेटून कोरलेले आहेत. एक राजाचा, आणि दुसरा राणीचा. तिचें नांव कालिओपी. नाण्याच्या एका बाजूस ग्रीक अक्षरांत ‘त्राता राजा हर्मेयस आणि कालिओपी ह्यांचें’ असा लेख आहे. दुसऱ्या बाजूस उधळलेल्या घोड्यावर बसलेला राजा असून, सभोंवार तोच मजकूर आपल्याकडील प्राकृत भाषेंत, खरोष्ठी लिपींत आहे : ‘महरजस त्रतरस हेरमयस कलियपय’. ग्रीक जिभेवरची कालिओपी प्राकृत बोलणाऱ्यांच्या जिभेवर ‘कलियपा’ झाली! बाजारांत धान्य विकणाऱ्या शेतकऱ्यानें, खेचरें हांकणाऱ्या व्यापाऱ्यानें आणि मठांतल्या भिक्षूनें हें नांव आपल्या ओळखीच्या लिपींत वाचलें असेल. अथेन्सच्या न्यायसभेंत ज्या समाजाला कुलीन स्त्रीचें नांव उच्चारण्याचा संकोच, त्याच समाजाच्या दूरच्या वंशजांनीं एका स्त्रीचें नांव दोन भाषांत कोरून हजारों हातांत दिलें. देश बदलला, शेजार बदलला, म्हणजे रूढीही कशा सैल होतात ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

ग्रीस देशांत पुढें ख्रिस्ती धर्म पसरला, आणि जुन्या देवतांचीं देवळें ओस पडलीं. त्याबरोबर कालिओपीचें नांवही लोपावयाचें. परंतु तें लोपलें नाहीं. तिसऱ्या शतकाच्या मध्यास, रोमन बादशहा डेसिअस ह्याच्या छळाच्या काळांत, कालिओपी नांवाची एक स्त्री आपला धर्म न सोडतां हाल सोसून मेली, अशी तेथील चर्चची परंपरा सांगते. तिचा स्मृतिदिन ८ जून. देवतेचें नांव असें साध्वीच्या आश्रयास येऊन राहिलें. आजही ग्रीस देशांत पुष्कळ घरीं जन्मदिवसापेक्षां नामदिवसाचें महत्त्व अधिक असतें. त्या दिवशीं त्या नांवाच्या स्त्रीकडे आप्तेष्ट न बोलावतां येतात, गोडधोड खातात, आणि ‘उदंड वर्षें’ असा आशीर्वाद देतात.

नांव टिकण्याचें दुसरें कारण तर आपल्या एकत्र कुटुंबांतील वाचकांना सांगण्याचीही गरज नाहीं. ग्रीक घराण्यांत पहिल्या मुलाला आजोबांचें आणि पहिल्या मुलीला आजीचें नांव ठेवण्याची जुनी चाल आहे. त्यांतही प्रथम मान वडिलांकडील आजीआजोबांचा. त्यामुळें नांव फॅशनीवर अवलंबून राहत नाहीं, तें वंशपरंपरेनें चालतें. एकाच आजीच्या चार मुलांना प्रत्येकीं पहिली मुलगी झाली, तर एका घराण्यांत एकाच नांवाच्या चार नाती खेळूं लागतात! बाप्तिस्म्यापर्यंत मुलीला नुसतें ‘बाळ’ म्हणतात; धर्ममाता किंवा धर्मपिता चर्चमध्यें मोठ्यानें नांव उच्चारतो, आणि तेव्हां तें नांव तिचें होतें. आपल्याकडे आत्या पाळण्यांतल्या बाळाच्या कानांत नांव सांगते, ते त्याचेंच दुसरें रूप. घरगुती वापरांत एवढें लांब नांव कोण घेणार? म्हणून कालिओपीची ‘पोपी’ होते. ग्रीस देशांत आज पोपी म्हटलें कीं डोळ्यांपुढें बहुधा मावशी किंवा आजी उभी राहते. तरुण आईबाप आतां आजीच्या नांवाला तितकेसे बांधलेले राहिले नाहींत.

परंतु एकोणिसाव्या शतकांत ह्या नांवाच्या एका स्त्रीनें नांव खरें करून दाखविलें. कालिओपी केहाया ही १८३९ सालीं तुर्की अमलाखालच्या ब्रूसा शहरीं जन्मली. मुलींना शिकविणें हेंच तिनें आपलें व्रत केलें. १८७५ सालीं कॉन्स्टॅंटिनोपल येथें ग्रीक मुलींसाठीं झापिऑन ही मोठी शाळा निघाली, तेव्हां तिचें चालकत्व केहायाबाईंकडे आलें. ह्याच काळांतील तिची एक नामभगिनी म्हणावी अशी दुसरी बाई म्हणजे कालिरोइ पारेन. ‘कालिरोइ’ म्हणजे सुंदर प्रवाहाची. नांवाचा पूर्वार्ध तोच. ह्या क्रेट बेटांतल्या बाईनें १८८७ सालीं अथेन्समध्यें स्त्रियांनीं स्त्रियांसाठीं चालविलेलें वृत्तपत्र काढलें आणि तें १९१७ पर्यंत चालविलें. पेरिक्लीसच्या गांवीं बायकांचा आवाज दर आठवड्याला छापून निघूं लागला! तरीही ग्रीक स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकींत मताचा पूर्ण हक्क मिळावयास १९५२ साल उजाडावें लागलें. आणि १९८३ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, लग्नानंतरही स्त्रीचें आडनांव तिचें माहेरचेंच राहील. नांव जन्माला आल्यापासून तें पुरतें हातीं येईपर्यंत कितीएक पिढ्या लोटल्या, ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा.

ग्रीसच्या बाहेर मात्र हें नांव मुलींपेक्षां वस्तूंनाच अधिक लाभलें, ही मौज आहे. जॉन रसेल हाइंड ह्या इंग्रज ज्योतिषानें १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं शोधलेल्या बाविसाव्या लघुग्रहाला तें दिलें गेलें. सैबेरियांतून हिवाळ्यांत आसामकडे उतरणाऱ्या, माणकासारख्या लाल गळ्याच्या एका गाणाऱ्या पक्ष्याला शास्त्रज्ञांनीं हेंच नांव दिलें आहे, आणि तें त्याला शोभतेंही. अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरांत नऊही भगिनींच्या नांवाचे रस्ते आहेत. तेथील लोक ह्या रस्त्याला ‘कॅलिओप’ म्हणतात. परंतु खरी थट्टा केली ती जोशुआ स्टॉडर्ड ह्या अमेरिकन गृहस्थानें. १८५५ सालीं त्यानें वाफेच्या शिट्यांचें एक वाद्य बनवून त्याचें पेटंट घेतलें. बंबांतील वाफ शिट्यांत सोडावयाची आणि पट्ट्या दाबून सूर काढावयाचे, अशी त्याची रचना. मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर आणि सर्कशींच्या मिरवणुकींत तें वाजूं लागलें कीं कोसकोसभर लोकांना कानांवर हात ठेवावे लागत. ह्या कर्कश यंत्राचें नांव ‘मंजुळ वाणी’! पुढें कितीतरी वर्षें सामान्य अमेरिकन माणसाच्या मनांत ह्या नांवाबरोबर देवता येत नसे, सर्कस येत असे. आमच्या नातीच्या मैत्रिणीला वर्गांत ‘भोंगा’ म्हणून चिडवीत, त्याचें मूळ आम्हांला येथें सांपडलें.

अलीकडे वारा बदलला आहे. अमेरिकन सरकार दर वर्षीं नवजात बालकांच्या नांवांची यादी प्रसिद्ध करतें. २०१६ सालीं त्या यादींतील मुलींच्या पहिल्या हजार नांवांत कालिओपी दाखल झाली. जुन्या ग्रीक नांवांची तिकडे एकंदर आवड वाढली आहे. पेनेलपी आणि क्लोई हीं नांवें तर घरोघर झालीं. ग्रीक वंशाच्या कालिओपी नांवाच्या निवेदकाची एक कादंबरी २००२ सालीं निघाली आणि तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय मालिकेंत २००६ पासून ह्या नांवाची एक शस्त्रवैद्य बाई दिसूं लागली. अशा गोष्टींनीं अपरिचित नांव कानाच्या वळणीं पडतें. तरी हजारांत नंबर लागला म्हणजे तें सर्वसाधारण झालें असें नव्हे. एका शाळेंत दुसरी कालिओपी भेटण्याचा संभव आजही थोडा. आईबापांना तें आवडतें तें बहुधा त्यामुळेंच. मुलीला तें जड जातें तेंही त्यामुळेंच.

येथें आम्हांला दोन शब्द आग्रहानें सांगावयाचे आहेत. आपल्याकडेही आतां बारशाच्या वेळीं, पूर्वीं कोणीं ऐकलें नसेल असें नांव शोधण्याची अहमहमिका चालते. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु दुर्मिळ नांव ठेवणें हें मुलीच्या हातांत बंद पेटी देण्यासारखें आहे. किल्लीही तिला द्यावी. नांवाचा अर्थ काय, तें कोठून आलें, कोणीं कोणीं तें धारण केलें, हें तिला आईबापांनीं बालपणींच सांगितलें पाहिजे. नाहींतर जगांतील पहिला चेष्टेखोर मुलगा तिला त्याचा भलताच अर्थ सांगून मोकळा होतो. दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. मुलीला ‘मंजुळ वाणी’ म्हणावयाचें आणि ती बोलूं लागली कीं ‘आंत जा’ म्हणावयाचें, हा पेनेलपीच्या मुलाचा धडा ग्रीसपुरता नाहीं. आपल्या ऋग्वेदांतील वाणीचें सूक्त अम्भृण ऋषीची कन्या वाक् हिच्या नांवावर आहे, हें आपण अभिमानानें सांगतों. त्या अभिमानाला शोभेल असें वर्तन आपल्या माजघरांत किती पिढ्या होतें, हें ज्यानें त्यानें आपल्या घरापुरतें आठवावें.

पुढच्या रविवारीं आम्हीं नातीला ही सारी हकीकत सांगितली. मातोश्री जवळच बसून ऐकत होत्या. अथेन्सच्या न्यायसभेची गोष्ट निघाली तेव्हां त्या कांहीं बोलल्या नाहींत. नाण्याची गोष्ट आली तेव्हां मात्र चित्र दाखव म्हणाल्या. आम्हीं तें दाखविलें. चष्मा पुसून त्यांनीं बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, “राजाच्या शेजारीं चेहरा आहे, आणि खालीं नांवही तिचेंच आहे, अरे. माझें तर लग्नांत तांदुळाच्या ताटांत पुसलें.” मग त्यांच्या आत्यानें पाळण्यांत त्यांच्या कानांत सांगितलेलें नांव त्यांनीं उच्चारलें. तें नांव आम्हांला जुन्या पत्रिकेवरून ठाऊक होतें. त्यांच्या तोंडून आम्हीं तें त्या दिवशीं प्रथमच ऐकलें. तें येथें छापावें अशी त्यांची इच्छा नाहीं, म्हणून छापीत नाहीं. नांव त्यांचें आहे. तें कोठें घ्यावें आणि कोठें न घ्यावें हें त्यांनीं ठरवावयाचें. नातीनें मात्र पलीकडून त्याच नांवानें पणजीला हांक मारली, आणि “ओ” अशी जी ‘ओ’ आली तीत नव्वद वर्षें कोठें गेलीं कोण जाणे!

त्यानंतरच्या रविवारीं नातीकडून बातमी आली. तिनें मैत्रिणीला सर्व सांगितलें. आणि सोमवारीं त्या मुलीनें वर्गांत उभी राहून, पाटीवर ग्रीक व खरोष्ठी अशा दोन्ही लिपींत आपलें नांव काढून, त्याचा अर्थ स्वतः सर्वांना सांगितला. भोंगा म्हणणाऱ्या मुलानें आपलेंही नांव खरोष्ठींत काढून दे म्हणून तिच्यामागें लकडा लावला आहे, असें कळतें.